उंच गाडी

मी माझ्या नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमचं लग्न ठरलं, तेव्हा कोल्हापुरात ही गोष्ट आम्हा दोघांपेक्षा बाकीच्यांनाच जास्त छळत होती. कार्यालयात फोटोग्राफरनं मला एक पायरी खाली उभं राहायला सांगितलं. मी उतरणार तेवढ्यात हे म्हणाले, "असू दे की. हाय तसा काढा."

फोटोग्राफरनं पुन्हा खालच्या पायरीकडं बोट केलं.

"अवो, घरात काय मी तिला रोज पायरीखाली उभी करणार हाय काय?" हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की हॉलमधली सगळी माणसं हसली. मला तेव्हा हा माणूस आवडला. तोवर नुसता पसंत होता.

हे गुरांचे डॉक्टर. नोकरी दूध संघात, आणि वाट्याला आलेली गावं शाहूवाडी तालुक्यातली. बिऱ्हाड कोल्हापुरात, कारण मी इथल्याच मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. रोज सकाळी स्कूटर काढायची, औषधांची पेटी पायात ठेवायची आणि मलकापूरच्या पुढं डोंगरातल्या वाड्यांवर जायचं. स्कूटर जुनी. चढ लागला की ती रडायला लागायची. पावसाळ्यात तिची ती लहान चाकं लाल चिखलात रुतायची, मग हे उतरून ढकलायचे. कितीतरी वेळा हे घरी आले की पँट गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेली असायची, आणि जेवताना एकच विषय. "म्हैस अडलीय म्हणून माणूस बोलवायला येतोय, आणि मी वाटंत स्कूटर ढकलत बसलोय. गाडीत दम पायजे गं."

दोन हजार सालानंतर दम असलेल्या गाड्या बाजारात यायला लागल्या. त्याआधी मोटारसायकल म्हणजे एक तर शंभर सीसीची, नाही तर ती जुनी धडधडणारी जड गाडी, जी मळेवाले आणि पैलवान चालवायचे. आता दीडशे, एकशे ऐंशी सीसीच्या नव्या गाड्या आल्या. चहाच्या गाड्यावर सगळे एकमेकांना ॲव्हरेज विचारायचे. हे विचारायचे, "चढाला काय करती?"

एका रविवारी आम्ही दोघं शोरूमला गेलो. मध्यभागी एक गाडी उभी होती, जांभळाच्या रंगाची. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. शाळेत मी मुलींना सांगायचे, वस्तू काढायची तर आधी तिचं वजन कुठं आहे ते बघा. या गाडीचं वजन पुढं, टाकीत आणि इंजिनात होतं. तिथून मागच्या दिव्यापर्यंत एक रेषा चढत जात होती, धावायला निघालेल्या जनावरासारखी. टाकीवर चिकटवलेला ज्वाळांचा स्टिकर मात्र मला अजिबात आवडला नाही. चांगल्या घराच्या भिंतीवर कुणी जाहिरात रंगवावी तसा तो दिसत होता. मी तसं सांगितल्यावर हे म्हणाले, "स्टिकर काढता येतोय."

यांची बघायची रीत वेगळी. हे गाडीसमोर उकिडवे बसले. आधी पुढून, मग मागून, मग पोटाखाली वाकून. जनावरांच्या बाजारात बैल बघतात तसं. "छाती बघ हिची," मला म्हणाले. "आनि पाय कसलं भक्कम हायत." इंजिनावरून हात फिरवताना यांचा चेहरा असा झाला होता की मी ठरवूनच टाकलं, हीच घ्यायची.

मग हे गाडीवर बसले.

सेल्समननं स्टँड काढला आणि गाडी सरळ झाली. यांचे दोन्ही पाय हवेत राहिले. एका बाजूला सरकल्यावर डाव्या पायाचा चवडा फरशीला लागला, पण तेवढ्यात गाडी कलली आणि सेल्समनला ती दोन्ही हातांनी धरावी लागली. तो मुलगा चांगला होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणाला, "साहेब, तुम्ही ती शंभरची बगा की. हलकी हाय. लेडीज लोकबी चालवत्यात."

यांचे कान लाल झाले. लग्नात पायरीवरून मोठ्यानं बोललेल्या माणसाला मी पहिल्यांदाच असं बघत होते. हे सावकाश उतरले, गाडीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "बगू."

 घराच्या दारात स्कूटर लावताना हे म्हणाले, "गाडी तेवढी बरी न्हाय. टाकी लई फुगलीय. अफरा झालेल्या म्हशीगत दिसती."

मी म्हणाले, "हो, जरा फुगीरच आहे."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही गाड्या बघत फिरलो. जिथं नवी गाडी आली असेल तिथं जायचो. हे बसायचे, पाय टेकून बघायचे, उतरायचे आणि बाहेर आल्यावर त्या गाडीत खोट निघायची. एकीचा दिवा वैरणीसाठी डोळे वटारलेल्या म्हशीसारखा. एकीचं मागचं चाक बारीक, "ढुंगणाला मांसच न्हाई." एकीचा सायलेन्सर भलताच लांब. एक गाडी सगळीकडून सुंदर होती, माझ्या मते रेषेत तर ती पहिलीच्याही वर होती, तिचा आवाज यांना आवडला नाही. "खोकल्यागत येतोय."

मीही प्रत्येक वेळी काहीतरी जोडायचे. हँडल अरुंद आहे, रंग भडक आहे, असं काहीबाही. खोटं बोलत नव्हते, खोटी प्रत्येकीत होत्याच. पण त्या जांभळ्या गाडीच्या शोरूमवरून जाताना हे मान वळवून बघायचे ते मला मागून दिसत होतं.  'तुमचे पाय पोचत नाहीत' हे वाक्य मी मनात बऱ्याच तऱ्हांनी म्हणून बघितलं. कसंही म्हटलं तरी ते चार बोटं उंच बाईच्या तोंडचंच वाटायचं.

त्या दिवाळीच्या आधी सासूबाई गावाहून आमच्याकडं राहायला आल्या. त्यांना मी आत्ती म्हणायचे. आयुष्य शेतात आणि गोठ्यात गेलेलं, बोलणं असं की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं. एका रात्री जेवताना हे नुकत्याच बघितलेल्या गाडीच्या खोटी सांगत होते आणि मी भाकरी वाढता वाढता हो ला हो करत होते. आत्तींनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लेका, तुझं पाय पोचत न्हाईत, म्हनून गाडी वाईट व्हय?"

माझा हात तव्यावरच थांबला. यांनी ताटातून मान वर केली नाही.

"मी बोलले त्यात काय चुकलं काय?" आत्तींनी मला विचारलं. मी पुढची भाकरी थापायला घेतली.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "न्हाईत पोचत."

"मग? लहान हुतास तवा म्हशीवर बसून नदीला जायचास, तवा काय तुझं पाय खाली पोचत हुतं?"

हे आधी गालातल्या गालात हसले. मग ठसका लागला. मी पाणी दिलं, तर ते पिताना पुन्हा हसू आलं आणि पाणी नाकात गेलं. आत्ती शांतपणे आमटीत भाकरी चुरत होत्या. "आनि म्हस काय स्टँडवर उभी असती व्हय," एवढं त्यांनी वर जोडलं.

दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच शोरूममध्ये गेलो. या वेळी यांनीच आधी बोलून टाकलं. "माझं पाय पोचत न्हाईत. तरीबी हीच पायजे. काय करता येतंय?"

सेल्समननं यांच्याकडं बघितलं आणि खुर्चीतून उठून आला. म्हणाला, "साहेब, दोन्ही पाय टेकायची गरजच न्हाई. थांबताना एका बाजूला सरकायचं, एक पाय पुरा टेकायचा. आनि सीटचा फोम तासून घेऊया. उद्यमनगरात एक सीटवाला हाय, मी फोन करतो." मग जरा घुटमळून म्हणाला, "त्या दिवशी मी लेडीज म्हनलो, ते राहू द्या."

गाडी चालवून बघायला आम्ही जोतिबाच्या डोंगरावर गेलो. मी मागं बसले होते. पायथ्याला हे थांबले, सांगितल्यासारखे एका बाजूला सरकले, डावा पाय टेकला आणि पुन्हा निघाले. चढ सुरू झाल्यावर मला सवयीनं वाटलं, आता उतरावं लागणार. स्कूटरवर मी या वळणावर नेहमी उतरायचे आणि पदर खोचून चालायला लागायचे. गाडी मात्र दोघांना घेऊन तशीच वर चढत गेली. तिचा आवाज जरा जाड झाला, एवढंच. "तिसरा हाय, तिसरा!" हे ओरडून सांगत होते. तिसऱ्या गिअरचं महत्त्व मला तेव्हा कळत नव्हतं. पण यांचा आनंद पाठीतूनसुद्धा कळत होता.

तीच जांभळी गाडी घेतली. स्टिकर मी स्वतः केस वाळवायच्या मशीननं गरम करून सोलून काढला. सीटवाल्यानं यांच्या बाजूचा फोम तासला आणि गाडी दोन बोटं खाली आली. मागची बाजू होती तशीच राहिली. त्यामुळं असं झालं की आधीच उंच असलेली मी मागं बसल्यावर आणखी उंच दिसायला लागले. यांच्या डोक्यावरून मला अख्खा रस्ता दिसायचा आणि सगळा वारा माझ्या तोंडावर यायचा. गल्लीतली एक शेजारीण म्हणाली, "वैनी, तुम्ही अंबारीत बसल्यागत दिसताय." यांनी ते ऐकलं आणि तिला म्हणाले, "मग मी हत्ती झालो की!"

दोन वर्षं गाडी उत्तम चालली. कुठलीही वाडी आता लांब नव्हती. पहिल्यांदाच हे उन्हं असताना घरी यायला लागले.

मग एका पावसाळ्यात ते घडलं. आंबा घाटाच्या बाजूच्या एका वाडीवरून दुपारी बोलावणं आलं, म्हैस विताना अडली होती. वाडीच्या तोंडाशी रस्ता वाहून गेलेला. हे चढावर थांबले आणि नेहमीसारखे डावीकडं सरकून पाय टेकायला गेले. डावी बाजू उताराची होती. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, जमीन काही लागली नाही. गाडी यांना घेऊन आडवी झाली. डावा हात खाली आला आणि मनगटाचं हाड मोडलं.

म्हशीचा मालक वाट बघत वर उभाच होता. तो आणि आणखी काही माणसं धावत आली. गाडी उचलली, यांना उचललं. मालक म्हणाला, "डाक्टर, आदी तुमास्नी दवाखान्यात नेतो." हे म्हणाले, "म्हस कुठं हाय?" मोडलेला हात कुणाच्या तरी टॉवेलनं गळ्यात बांधला आणि उजव्या हातानं यांनी ती म्हैस सोडवली. ओढायला मालकाच्या बायकोनं जोर लावला. रेडी जन्माला आली. मग दुधाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून हे कोल्हापूरला आले. दारात उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक होता, आणि पहिलं वाक्य, "दोघीबी खुशाल हायत." मला आधी कळेचना कोण दोघी.

गाडी दोन दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. वाडीतल्या लोकांनी ती धुऊन पुसून आणली होती. वाकलेली पायरी त्यांच्या लोहारानं ठोकून सरळ केली होती, फुटलेला इंडिकेटर सुतळीनं जागेवर बांधला होता. टाकीच्या डाव्या अंगाला मुठीएवढा पोचा होता. ट्रॉलीबरोबर आलेला म्हशीचा मालक मला म्हणाला, "ताई, त्यो पोचा आमाला निगंना. माफी असावी." त्याच्या हातात दुधाची किटली होती. खरवसाचा चीक होता तो. मी चहा ठेवायला आत गेले.

भेटायला येणारा जो तो एकच सांगत होता, ही गाडी विका. तुमच्या मापाची नाही. माझ्या भावानं तर गिऱ्हाईकसुद्धा आणलं. सगळे गेल्यावर मी यांना विचारलं, "विकायची का?"

हे पलंगावर प्लास्टरचा हात उशीवर ठेवून पडले होते. "चूक गाडीची न्हाई. चढाच्या बाजूला पाय टेकायचा सोडून मी उताराच्या बाजूला टेकला. उंच मानूसबी पडला असता." जरा थांबून म्हणाले, "जरा उशिरा पडला असता एवढंच."

मग म्हणाले, "गाडी नुसती उभी ठेवू नको. बॅटरी उतरंल. रोज चालू करत जा."

मी रोज संध्याकाळी गाडी अंगणात चालू करायचे. पहिल्या दिवशी बाजूला उभी राहून. चौथ्या-पाचव्या दिवशी वर बसून. बसल्यावर माझे दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले. हे खिडकीतून बघत होते. मला अवघडल्यासारखं झालं आणि मी उतरायला लागले.

"उतरू नको," आतून आवाज आला. "क्लच दाब. डाव्या हाताचा."

शाळेला जायला माझी मोपेड होती, त्यामुळं तोल होता. गिअर नव्हते येत. तपोवनच्या मैदानावर आम्ही रिक्षानं गाडीमागून गेलो, म्हणजे गाडी माझा भाऊ घेऊन आला आणि मागून रिक्षात आम्ही. हे एका दगडावर बसून ओरडायचे. "सोड! हळू! हळू म्हनलं की! आता दुसरा!" मैदानात शिकायला आलेली पोरं आपापल्या गाड्या थांबवून बघायची. गाडी माझ्या हातात कितीतरी वेळा बंद पडली. पण पडली नाही. आणि एकदा दुसऱ्यातून तिसऱ्यात गेल्यावर ती खालून अशी उचलून पुढं निघाली की जोतिबाच्या चढावर हे का ओरडत होते ते मला तिथं कळलं. मीही ओरडले असते, पण आमच्या शाळेतल्या दोन मुली तिथं सायकल घेऊन उभ्या होत्या.

प्लास्टर काढायच्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घातला आणि म्हणाले, "बसा मागं."

यांनी एकदा गल्लीकडं बघितलं. मग उजव्या हातानं माझा खांदा धरून, पायरीवर पाय देऊन चढले. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर नेहमीची मंडळी होती. त्यातले एक म्हातारे ओरडले, "डाक्टर, आज मागं?"

"व्हय! आज मी पावनं हाय!" हे त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले.

दवाखान्यापर्यंत मी कुणाकडं बघितलं नाही, फक्त रस्त्याकडं बघितलं. बिंदू चौकात थांबावं लागलं तेव्हा दोन्ही पाय टेकून उभी राहिले. मागून यांचा आवाज आला, "मला काय दिसत न्हाई गं. नुसती तुझी पाठ." पुढं एक गतिरोधक आला आणि हे घसरून माझ्यावर आदळले. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा. दवाखान्याच्या दारात उतरले आणि गाडीकडं, म्हणजे तिच्या मागच्या बाजूकडं, वाकून बघायला लागले. सीटवर हात दाबला. मागची कडी ओढून बघितली.

"ही सीट पुढं उतरती हाय," हे म्हणाले. "आनि धरायला ही कडी किती मागं? हात पोचतच न्हाई. ब्रेक मारला की मानूस फुडं येतोय."

"येतो," मी म्हणाले.

"तू दोन वर्सं अशी बसत हुतीस?"

"मग कशी बसणार?"

"सांगितलं न्हाईस कदी?"

"तुमची आवडती गाडी होती. आणि मी बसलेली असताना तुम्ही हळू चालवत होता."

 हे आत जाऊन प्लास्टर काढून आले. मनगट बारीक आणि पांढरं पडलेलं होतं, ते दुसऱ्या हातानं चोळत होते. मी गाडी चालू केली. हे मागं बसले, पण घराकडं घ्यायला न सांगता म्हणाले, "उद्यमनगरला घे."

सीटवाल्याकडं दोन तास गेले. या वेळी मागच्या बाजूचं काम होतं. पुढची उतरण काढून त्यानं सीट सपाट केली, मधे एक उंचवटा दिला, आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून बाजूला, हाताशी येईल अशी नळीची कडी बसवून घेतली. हे प्रत्येक टप्प्याला स्वतः मागं बसून बघत होते आणि मला म्हणत होते, "आता तू बस. आता? पुढं येतीस काय? खरं सांग." मी दोनदा बरं म्हणाले, तिसऱ्यांदा खरं सांगितलं. कडी आणखी अर्धी वीत पुढं पाहिजे होती. वेल्डिंगवाल्यानं कपाळाला हात लावला आणि कडी पुन्हा कापली.

काम झाल्यावर मी यांना किल्ली दिली. यांनी मनगट दोनदा फिरवून बघितलं आणि किल्ली परत माझ्या हातात ठेवली.

"क्लच अजून दाबवंना," हे म्हणाले आणि मागं बसून नव्या कडीला धरलं. "चल. आनि जरा जोरात घे, बगू तरी कशी झालीय सीट."